तुलेचा खडा

“पी, पी. अजून एक तांब्या घे,” आबा म्हणाले आणि स्वतःच उठून रांजणाकडे गेले.

गुऱ्हाळावर दुपारची काहील, रसाची ती भली मोठी कढई, चुलवणावरून उतरायच्या बेतात होती. रस दाटून त्याला सोनेरी बुडबुडे फुटायला लागले होते. अशा वेळी आबा काहिलीवरून नजर काढत नसत. त्या दिवसांत मात्र ते माझ्याकडेच बघत बसायचे. मी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट रिकामा केला. माझ्या घशातून पाणी उतरताना त्यांचा चेहरा असा निवायचा, जसं काही ते बांधावर उभे राहून वाळलेल्या सरीत पाटाचं पाणी शिरताना बघतायत.

“पाट वाहतोय न्हवं?”

“वाहतोय की, आबा. रात्रभर उठतेय.”

“वाहणारच. उसाला पाणी पाजून तयार झालेली किडनी हाय ती.”

चुलवणात चिपाडं सारणारी माणसं हसली. मीही हसले आणि नाकावरचा मास्क सारखा केला. आबा त्याला मुसकं म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी त्यांची डावी किडनी काढून माझ्या पोटात बसवली होती, आणि आता मी पाणी पीत होते, हवं तेवढं. हसण्यासारखंच होतं सगळं.

ओवीच्या बाळंतपणाला माहेरी आले आणि माझा बीपी चढला. बाळ हाताशी आलं, पण माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. पुढची दोन-अडीच वर्षं डायलिसिसच्या मशीनवर निघाली. लघवी जवळजवळ बंदच, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठायचं. दिवसाला मोजून पाणी, त्यातच गोळ्या गिळायच्या. ओवीला वाटीनं पाणी पाजताना मी मान दुसरीकडे वळवायचे. आबा तर माझ्यासमोर पाणीच प्यायचे नाहीत. शेतातून घामाघूम होऊन आले, तरी तांब्या घेऊन गोठ्यामागे जायचे आणि मिशा पुसून परत यायचे. मशीनवर घ्यायच्या आधी आम्हा पेशंटांचं वजन करत. जेवढं वाढलेलं, तेवढं अंगात साठलेलं पाणी. वजन कमी भरलं की नर्स शाब्बासकी द्यायची. त्यामुळे आमच्या घरात एक हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. लघवी जास्त ती चांगली, वजन कमी ते चांगलं, आणि तहान ही चैन.

किडनी द्यायला माझा नवरा संग्राम पुढे झाला होता, पण त्याचा रक्तगट जुळला नाही. आईला बीपी. मग आबा. डॉक्टरांनी तंबाखू सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा आयुष्यभराची सवय त्यांनी त्याच दिवशी टाकली. चुना-तंबाखूची पितळी डबी घासून पुसून बंडीच्या खिशात ठेवली, रिकामीच. हात सवयीनं खिशात जायचा. डबी काढायचे, उघडायचे, आत बघायचे, बंद करून परत ठेवायचे. ऑपरेशननंतर शुद्धीवर येता येता त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न नर्सना कळेचना. तो आईनं समजावून सांगितला. “पाट सुटला का?” असं ते विचारत होते.

काहील उतरली. रस वाफ्यात ओतला, घोटला, जमून आला. आबांनी ओल्या हातावर कोमट गूळ घेतला आणि रांगेनं प्रत्येकाच्या तळव्यावर ठेवत गेले. आमच्या गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकाम्या तळव्यानं परत जात नाही. उसाचा गाडीवान असो नाही तर वाट चुकलेला कुणी. आणि पहिला घास लेकीचा. माझ्यानंतर ओवी, मग बाकीचे. त्या दिवशीही पहिला माझा.

“आता परवा भैरोबाच्या पारड्यातला खा,” आबा म्हणाले.

तो त्यांचा नवस होता. ऑपरेशनला आत नेण्याआधी दवाखान्याच्या पायरीवर बसून बोललेला. लेकीची किडनी लागली, तर तिच्या वजनाचा गूळ तुझ्या दारात वाटीन, स्वतःच्या हातानं केलेला. यात्रेचा मुहूर्त धरला होता. माझ्या तपासणीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात येत होती. आबांनी दवाखान्यात फोन करून ती पुढे ढकलून घेतली. गुळाची तुला झाली की जाऊ, तब्येत तर एकदम ठणठणीत आहे, असं त्यांनी सांगितल्याचं मला आठवतं. खोटं नव्हतं ते. आम्हा सगळ्यांना तसंच दिसत होतं. दवाखान्यातून घरी सोडतानाच बजावलं होतं की पाणी भरपूर प्या. मी पीत होते. गोळ्यांनी चेहरा गोल गरगरीत झाला होता, त्यामुळे मी बाळसं धरल्यासारखी दिसायचे. अंगातले ब्लाउज ढिले झाले, तर आई म्हणाली, बरं झालं, सूज उतरली.

थकवा यायचा. संध्याकाळी समोरचं धूसर दिसायचं. पण ज्या माणसाच्या कुशीवर माझ्यासाठी हातभर टाके पडले होते, त्याच्यासमोर थकवा कुठे सांगत बसणार.

आणि मुंग्या. न्हाणीतल्या मोरीशी त्या दिवसांत मुंग्यांची रांग लागलेली असायची. आई हळद टाकायची आणि आबांना बोल लावायची, गुळाचे कपडे तिथंच कशाला काढता म्हणून. आबा निमूट कपडे उचलायचे. गुऱ्हाळवाल्याच्या घरात मुंग्यांचं नवल ते काय?

*

यात्रेच्या सकाळी भैरोबाच्या सभामंडपात मोठा तराजू टांगला होता. लाकडी पारडी, जाड साखळ्या. आबांनी तुलेसाठी रसायन न घालता वेगळी काहील काढली होती आणि तिच्या किलो-किलोच्या भेल्या पाडल्या होत्या. दिवाळीतल्या तपासणीत माझं जे वजन भरलं होतं तेवढ्या, वर एक देवाच्या नावाची. भेल्या केळीच्या पानांवर मांडल्या होत्या आणि आबा नव्या पटक्यात त्यांच्याशेजारी असे उभे होते, जसं काही माझं लग्नच आहे.

मी पारड्यात मांडी घालून बसले. ओवी साखळीला धरून झोका दे म्हणत होती. संग्रामनं तिला उचलून खांद्यावर घेतलं. दत्तू गुरव दुसऱ्या पारड्यात भेल्या रचू लागला. शेवटच्या काही राहिल्या असताना माझं पारडं हलकेच उचललं गेलं. सगळ्या ठेवल्या, तेव्हा मी पार वर, लोकांच्या डोक्यांच्या उंचीला.

“आबा, गूळ जास्ती झाला,” दत्तू म्हणाला आणि एक भेली काढून खाली दगडावर ठेवली.

पारडं हललं नाही. त्यानं दुसरी काढली. मंडपात कुणीतरी विचारलं, लेकीला माहेरी खायला घालतात का नुसता वास देतात? हशा पिकला. आबाही हसले. तिसरी. चौथी. बायकांच्या घोळक्यातून एकीनं आबांचा गूळ वाचला म्हणून चिडवलं, पण या वेळी हसणारे कमी होते. पाचवी काढल्यावर मी थोडी खाली आले. सातवी काढल्यावर पारडी समोरासमोर थांबली.

वरून मला आबांचा पटकाच दिसत होता, आता त्यांचं तोंड दिसलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दगडावर ओळीनं ठेवलेल्या भेल्यांकडे बघत होते.

“काट्यात खोट हाय काय रं, दत्तू?”

“मघाशी दोन तुला झाल्या की याच काट्यावर.”

ढोल थांबला. आता रीत एवढीच उरली होती. पारड्यातल्या गुळाचा पहिला खडा नवस बोलणाऱ्यानं तुला झालेल्याला भरवायचा. त्यानं खाल्ला की नवस फिटला, मग गावानं खायचं. दत्तूनं भेली फोडून सुपारीएवढा खडा आबांच्या हातावर ठेवला. आबा माझ्यासमोर आले. मी मास्क खाली ओढला, तोंड उघडलं. पण जीभ टाळ्याला चिकटली होती.

“आबा, आधी पाणी द्या.”

तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. हात तसाच अर्ध्यावर. मागे आई उभी होती. ती मोठ्यानं बोलली नाही, पण मंडपात इतकी शांतता होती की शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

“अवो, मोरीतल्या मुंग्या. आत्याबाईंच्या वेळी अशाच होत्या.”

आत्याबाई म्हणजे आबांची आई. माझी आजी साखरेच्या आजारानं गेली होती, पायाची जखम चिघळून. मी तेव्हा लहान होते.

आबांनी मूठ मिटली. खडा आत.

“भरवा की, आबा,” दत्तू म्हणाला. “नवस अर्धा ऱ्हाईल.”

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “संग्राम, गाडी काढ.”

गूळ तिथंच राहिला. देवाला नमस्कार करायचाही राहिला. गूळ वाहायच्या छोट्या टेम्पोत पुढे संग्राम, मध्ये मी, खिडकीशी आबा. आई ओवीला घेऊन मागे राहिली. कोल्हापूर येईपर्यंत आबांची उजवी मूठ गुडघ्यावर मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून गुळाचा चिकट ओघळ मनगटावर आला होता.

*

माझी साखर इतकी वाढली होती की बोटाला टोचून बघायच्या यंत्रानं आकडाच दाखवला नाही. रक्त तपासायला वर पाठवलं आणि मला लगेच सलाइन लावलं. इतकं पाणी पिऊनही माझं अंग कोरडं पडत चाललं होतं. साखर लघवीतून जाताना सगळं पाणी ओढून नेत होती. किडनीवरही ताण आला होता. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नव्हती. ती सावरते की नाही, हे दोन दिवसांत कळेल, असं मुल्लाणी मॅडम म्हणाल्या. मला मशीनवरून सुटताना बघितलेल्या त्याच डॉक्टर. त्यांनी रागावायला हवं होतं, तारीख पुढे ढकलल्याबद्दल. पण आबांचा चेहरा बघून त्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

आबा बसले नाहीत.

“माझ्या आईला साखर होती,” ते म्हणाले. “माझ्या किडनीतनं गेली का ही हिच्यात? जन्मभर गुळात हाय मी.”

मॅडमनी सांगितलं की किडनीतून साखर येत नाही. आबांची साखर तपासूनच किडनी घेतली होती आणि ती चांगली होती. आजीचा वारसा थोडाफार असेलही माझ्यात. पण मोठं कारण म्हणजे किडनी टिकावी म्हणून मी रोज घेते त्या गोळ्या. बदललेली किडनी मिळालेल्या बऱ्याच जणांना त्या गोळ्यांमुळे मधुमेह होतो. कुणाला लगेच, कुणाला काही महिन्यांनी.

“मग त्या गोळ्या बंद करा.”

“बंद केल्या, तर हिचं शरीर तुमची किडनी परकी म्हणून हाकलून लावेल.”

आबांनी खुर्चीची पाठ धरली.

“माझी किडनी,” ते म्हणाले, “हिला परकी?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“शरीराला नातं कळत नाही, आबा. ती गोळी त्याला रोज समजावून सांगते. म्हणून ती थांबवायची नाही. डोस जरा कमी करता येतो का, ते मी बघते. साखर आपण इन्सुलिननं सांभाळू, ती सांभाळता येते. किडनी गेली तर दुसरी कुठून आणायची?”

“माझ्याकडं हाय अजून एक.”

ते विनोदानं बोलले नव्हते. मॅडमना हसू आलं आणि हसताना त्यांचे डोळे भरले. ती तुमच्याकडेच राहू दे, तुम्हालाही लागते, एवढंच त्या म्हणाल्या.

ते दोन दिवस आबा माझ्या खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसले होते. पाट वाहतोय का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पिशवी भरली की घाबरायचे, रिकामी दिसली की त्याहून जास्त. इतके दिवस ज्या खुणेवर त्यांचा जीव होता, तीच आता त्यांना वाचता येईना. मी डोळे मिटून पडून राहायचे आणि एकाच गोष्टीचा विचार करायचे. पुन्हा ती मशीन. पुन्हा ते मोजून पाणी. ओवी आता प्रश्न विचारायला लागली होती. ती विचारेल, आई सारखी कुठं जातेस.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम कागद घेऊन आल्या. क्रिएटिनिन उतरू लागलं होतं. त्यांनी बोटानं आकडा दाखवला. आबांना आकड्यांतलं काही कळलं नसावं, कारण ते कागद सोडून मॅडमच्याच चेहऱ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे वळून त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

घरी सोडायच्या आधी नर्सनं आईला आणि मला बसवून सगळं शिकवलं. इन्सुलिन कुठे टोचायचं, किती, कधी, त्यानंतर वेळेवर जेवायचंच, आणि साखर एकदम खाली गेली तर काय करायचं. आबाही होते, पण नर्सनं सुई काढली तसे ते उठून व्हरांड्यात गेले. आपल्या पोटाला सुरी लावून घेतलेला माणूस, माझ्या पोटाला लागणारी केसाएवढी सुई त्यांना बघवेना.

*

मी घरी आले आणि आबा बदलले.

जेवताना माझ्या ताटाकडे बघायचे नाहीत. गुऱ्हाळावरून आल्यावर बाहेरच हातपाय धुऊन कपडे बदलायचे, जसं काही गुळाचा वास अंगाला लागून मला बाधेल. त्या संक्रांतीला आमच्या घरात तिळगूळ झाला नाही. गावात कुजबुज होती की देवाला अर्ध्यावर टाकून गेले, म्हणून पोरीला हे मागे लागलं. आईच्याही मनात ते होतं. ती एकदा आबांना म्हणाली, भैरोबाला जाऊन नुसता हात तरी जोडून या. आबा म्हणाले, त्याला दिसतंय सगळं.

एका दुपारी मी ओवीला घेऊन गुऱ्हाळावर गेले, तर काहील नुकतीच उतरली होती. सगळे तळवे पुढे झाले. माझाही झाला, सवयीनं. आबांनी ओवीच्या हातावर गूळ ठेवला, पुढच्याच्या ठेवला, त्याच्या पुढच्याच्या. माझा तळवा तसाच. मी तो पदराला पुसला, जसं काही त्याला काही लागलं होतं.

“तू इकडं येत जाऊ नको,” आबा हळू म्हणाले. “आणि हे सालच गुऱ्हाळाचं शेवटचं. पुढच्या सालापास्नं ऊस कारखान्याला घालतो.”

मी म्हणाले, असलं काही करू नका. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत काहिलीकडे वळले. आजोबांच्या वेळेपासून तिथं काहील चढत होती. ते ती माझ्यासाठी विझवणार होते, आणि मला ते नको होतं. पण चारचौघांत तिथं वाद न घालता मी रिकाम्या तळव्यानं घरी आले.

म्हणून चार-आठ दिवसांनी मी मन घट्ट करून पुन्हा गेले. एकटीच. आई ओवीला घेऊन मावशीकडे गेली होती. सकाळचं इन्सुलिन टोचलं होतं. दुपारची भाकरी टाकायला बसणार, तेवढ्यात मनात आलं, आधी आबांशी बोलून घेऊ, आता सगळे जेवायला पांगले असतील, ते एकटे भेटतील. भाकरी तशीच राहिली. आमच्या घरापासून गुऱ्हाळ म्हणजे दोन रानं ओलांडायची. दुसऱ्या रानातच पाय लटपटायला लागले.

पोचले तेव्हा नवी काहील उकळत होती. आबा बाजेवर बसून रिकाम्या हातानं डबी उघड-मिट करत होते. मला बघून उठले, रागवायच्या तयारीनं.

“सांगितलं होतं न्हवं तुला...”

पुढचं त्यांनी गिळलं. मला दरदरून घाम फुटला होता. हात इतके कापत होते की खांब धरता येईना. मी बाजेवर कोसळले. डोळ्यांसमोर काहिलीचे बुडबुडे जवळ येत होते, लांब जात होते. आबा पाणी घेऊन धावले. मी मान हलवली. पाणी नको होतं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

“गूळ,” मी म्हणाले. “आबा, गूळ द्या.”

“खुळी हायस का? मरायचं हाय व्हय तुला?”

“साखर खाली गेलीय. सुईनं खाली जाते. गूळ द्या.”

ते उभेच राहिले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळी ते व्हरांड्यात होते. ज्या गुळापायी लेक मरणाच्या दारात गेली असं ते धरून चालले होते, तोच गूळ ती अर्धवट शुद्धीत मागत होती. त्यांनी फोन काढला, पण बोटं चुकत होती. मला पुढचं बोलायला शब्द सापडत नव्हते. जे सापडले ते म्हणाले.

“नर्सनं सांगितलंय. तुम्ही बाहेर होता. आबा, माझ्यावर विश्वास ठेवा.”

समोरची काहील उकळती होती, तिच्यातलं काही तोंडात घालण्याजोगं नव्हतं. सकाळचा गूळ टेम्पोत भरून गेला होता. आबांनी एकदा चौफेर बघितलं. मग हातातल्या डबीकडे. त्यांनी ती उघडली, आणि मला दिसलं की ती रिकामी नव्हती. आत एक काळपट, घामानं विरघळून पुन्हा घट्ट झालेला खडा होता. त्याच्यावर त्यांच्या बोटांचे वळ तसेच उमटलेले.

तुलेचा.

तो खडा त्यांनी माझ्या ओठांशी आणला. मंडपातल्यासारखाच हात अर्ध्यावर थांबला, आणि मग थांबला नाही.

खडा जिभेवर विरघळू लागला. मी तोंड मिटून पडून राहिले. आबा माझं मनगट धरून बाजेशी बसले होते, उकिडवे. थोड्या वेळानं कापरं कमी झालं. घाम वाळायला लागला. खांब पुन्हा जागेवर उभा राहिला, त्याच्यामागे काहील, तिच्यामागे उसाचं रान. मी उठून बसले आणि त्यांनी काढून ठेवलेली भाकरी मागितली. त्यांनी फडक्यातून भाकरी-झुणका काढून दिला आणि मी खाईपर्यंत समोरून हलले नाहीत.

“गुळानं?” ते म्हणाले.

“गुळानं.”

“म्हंजे हे जवळ ठेवायचं हाय तुला?”

“कायम. अशा वेळेला लागेल म्हणून. एरवी नाही खायचा.”

त्यांनी मोकळी डबी हातात फिरवली. आत चिकटलेला कण बोटानं टिपला आणि स्वतःच्या जिभेला लावला. तुला झाल्यापासून त्यांनी गूळ तोंडात घातला नव्हता, हे मला नंतर आईकडून कळलं. मागे काहिलीत रस उतू जाण्याइतका वर आला होता. माणसं यायच्या आत आबा धावले, झाऱ्यानं तो खाली बसवला, आणि जेवून परतणाऱ्या माणसांना ओरडून जाळ कमी करायला सांगितलं. त्या आवाजावरून मी ओळखलं की पुढच्या साली ऊस कारखान्याला जाणार नाही.

*

नवस फिटला की नाही, यावर आईचं आणि आबांचं अजून एकमत नाही. आई म्हणते, खडा देवाच्या दारात खायला हवा होता. आबा म्हणतात, दार त्याचंच सगळीकडं.

आबांची किडनी माझ्याकडे येऊन आता सात वर्षं होतील. साखर आहे. कधी ती माझं ऐकते, कधी मी तिचं. ओवी शाळेतून आली की माझ्या बोटावरचा आकडा तिला आधी बघायचा असतो. आकडा बरा असला की मार्क देते. परवा दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण मी जेवायला उशीर केला होता.

या हंगामाची पहिली काहील गेल्या आठवड्यात उतरली. आम्ही सगळे गेलो होतो. आबा आता वाकलेत, झारा दुसऱ्याच्या हातात असतो. पण गूळ ते स्वतःच वाटतात. ओल्या हातानं माझ्यासमोर आले. मी तळवा पुढे केला. त्यांनी बंडीतून पितळी डबी काढून त्यावर ठेवली, नव्या हंगामाच्या नव्या खड्यासकट. जुना ओवीनं खाऊन टाकला होता. दर वर्षी तीच खाते.

मी डबी कानाशी धरून हलवली. आत खडा वाजला.

“पाट?” आबांनी विचारलं.

“वाहतोय.”

मग ते ओवीच्या तळव्याकडे वळले.